दहा वाजून दहा मिनिटांचा दिवा

कारखान्यातलं कुठलं यंत्र कुणाशी कुठल्या तारेवरून बोलतं, हे ज्याला तोंडपाठ होतं, तो माणूस स्वतः दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी पुष्कळ. त्याला सगळे नकाशेकाका म्हणत. कंट्रोल रूमशेजारच्या खोलीत बसून काका संगणकावर नेटवर्कचा नकाशा सांभाळायचे. रंगीत रेघा म्हणजे नेटवर्क, रेघांना लटकलेले चौकोन म्हणजे यंत्रं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात, आणि सुट्टीच्या दिवशी घर खायला उठायचं. म्हणून साहेब रजेचं बोलले की काकांना नेमकं ऐकू यायचं नाही.

त्यांच्या दिवसाला एकच माणूस होता आणि तोही न पाहिलेला. सहा किलोमीटरवरच्या पंपघरात एक पंपवाला एकटा बसे. लाइन ठीक आहे ना हे बघायला त्याने आठवड्यातून एकदा बटण दाबायचं, असा नियम. हा पठ्ठ्या रोज दहा वाजून दहा मिनिटांनी दाबायचा. नकाशावर पंपघराचा चौकोन हिरवा व्हायचा, काका उलट कळ दाबायचे, तिकडे टेबलावर दिवा लागायचा आणि पंपवाला तो हाताने विझवायचा. चार वर्षांत फोन एकदाही नाही. फोन करून बोलणार तरी काय?

मग साहेब म्हणाले, नकाशाचा पार गुंता झालाय, तपासणीआधी नीट लावा. काका आठवडाभर खपले. विभागवार रेघा आखल्या, पाण्याची सगळी यंत्रं एका निळ्या रेघेवर नेली, त्यात पंपघरही गेलं. नकाशा इतका देखणा झाला की साहेबांनी चक्क पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दहा-दहाला चौकोन राखाडीच राहिला. काकांना वाटलं, रजेवर असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, कंटाळला असेल, आणि त्यांना रागच आला. चार वर्षांच्या सोबतीवर रुसायचा हक्क असतो, असं त्यांचं मत. फोन उचलायचे, ठेवायचे. खरं तर रडू येत होतं, पण या वयात ते सांगणार कुणाला?

दहाव्या दिवशी दुपारी दुसऱ्याच कामासाठी त्यांनी निळ्या रेघेची नोंदयादी उघडली. पंपघर, लाइन तपासणी, १०:१०. नऊच्या नऊ दिवस. शेवटच्या दिवशी तर तीनदा. यंत्र नव्या रेघेवर नेलं की त्याचा पत्ता बदलतो, आणि त्याच्या चौकोनाचा रंग जुन्याच पत्त्याकडे डोळे लावून बसतो. काकांनी कित्येक नवख्यांना हेच बजावलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आजची नोंद मात्र यादीत नव्हतीच.

पत्ता दुरुस्त करून काका स्कूटरवरून थेट पंपघरात गेले. त्यांच्याच वयाचा एक किडकिडीत माणूस डबा, टॉवेल, रेडिओ पिशवीत भरत होता. काकांनी आपण कोण ते सांगितलं.

"तुम्ही होय? मला वाटलं, रिटायर झालात."

काकांनी रेघ, पत्ता, आपली चूक, सगळं सांगितलं.

"वर्षभर बदलीसाठी मागे लागले होते, मी नाहीच म्हणायचो," तो म्हणाला. "काल हो म्हणून टाकलं. म्हटलं, आता तिकडंही कुणी नाही, मग इथं कशाला बसायचं?"

कागद मागे घेता येतील का, असं काकांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली; शनिवार त्याचा इथला शेवटचा दिवस होता. त्याच्या जागी कुणी येणारही नव्हतं, सोमवारपासून पंप आपोआप चालणार होता. दोघांनी चहा घेतला. टेबलावरचा दिवा वाटाण्याएवढा होता. काकांना तो मोठा असेल असं वाटायचं.

शनिवारी दहा-दहाला चौकोन हिरवा झाला. काकांनी कळ दाबली आणि पुढचा तासभर त्यांना काही काम सुचलं नाही.

सोमवारी चौकोन राखाडीच होता. काकांनी तरीही कळ दाबली. पडद्यावर ओळ आली, पंपघराचा दिवा लागला. तो विझवायचं बटण तिकडच्या टेबलावर होतं.