वटवाघळाचा सूर

जितेंद्र सर हुशार, हे सगळं चोपडा गाव सांगेल. हुशारीला घाईची जोड होती, हे मात्र कुणी सांगत नसे.

त्यांच्या वर्गातल्या ललिताला जन्मापासून दिसत नाही. कोणता प्राणी कुणापासून फुटला, हे दाखवणारं पुस्तकातलं झाड तिला कळणार कसं? म्हणून सरांनी झाडाला आवाज दिला. बुंध्याला तंबोऱ्यासारखा एकच सूर. फांदी फुटली की सुराचे दोन सूर. गाय, चिमणी, बेडूक, ज्याचा त्याचा आवाज आपापल्या घराण्याच्या सुरातून निघणार. बाकीच्या पोरांसाठी तेच झाड पडद्यावर वाढताना दिसे. ललिताने ऐकून ऐकून अख्खं झाड पाठ केलं.

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "वटवाघूळ कुणाच्या भावकीतलं गं?"

"पक्ष्यांच्या," ललिता ठामपणे म्हणाली.

भोवतीची पोरं फिसकन हसली. पडद्यावर तर वटवाघूळ गायीच्या घराण्यात दिसत होतं! सरांनी तिचा हेडफोन कानाला लावला. वटवाघळाचा सूर चिमणीच्या सुरातून फुटत होता. चुकीचा तुकडा त्यांनीच जोडला होता. मॉडेल तपासताना स्टाफरूममध्ये बाकीचे शिक्षक पेपर बघत बसलेले, म्हणून यांनी आवाज बंद ठेवून नुसतं चित्र पाहिलं. अहो, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती काय चित्र बघणार होती?

"मॉडेल झकास आहे सर," बाई म्हणाल्या. "राज्य प्रदर्शनाला पाठवते. फक्त सादर करायला दुसरी मुलगी द्या."

आणि वर्गात तासभर बोलताना न थांबणारे सर नुसती मान डोलावून मोकळे झाले.

परतीच्या एसटीत ललिता म्हणाली, "सर, मनाच कान चुकनात. परत लावा ना, कुठे चुकले ते ऐकते."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझे कान बरोबर होते, ललिता. आवाज मी चुकीचा जोडला."

तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं. "मंग तठे काब्र नही बोलनात?"

तिथे का नाही बोललात, याला सर काय सांगणार, कपाळ! सरांनी मोबाइल काढून परीक्षक बाईंचा नंबर लावला. रिंग जाऊ लागली, तसा त्यांनी स्पीकर सुरू केला आणि "मी सांगतो, तू ऐक," म्हणत फोन ललिताच्या हातात दिला.