उलटी गुंडाळलेली दोरी

कोर्टात त्याचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. तो झेंडेकाका. सकाळी गच्चीवर झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा आणि मधल्या वेळात या खोलीतल्या फायली त्या खोलीत न्यायच्या, हे त्याचं काम. काम कसलं, जीव अडकला होता त्याचा त्या काठीवर. झेंड्याला सुरकुती दिसली की दिवसभर तोंड वाकडं.

वाऱ्यानं फाटलेला, उन्हानं विटलेला झेंडा फेकायचा नाही, फडक्यासारखा वापरायचा नाही. कुठंतरी एका बाजूला, शांतपणे जाळून टाकायचा, असा तिथला नियमच होता. तेही झेंडेकाकाकडेच आलं. जुने झेंडे तो घरी आणायचा आणि परसातल्या लोखंडी पिंपात एकेक करून जाळायचा. आधी शिवण उसवून दोरी काढायची, मग पायातल्या चपला काढायच्या, मग काडी लावायची. बायको गेल्यापासून त्याच्या सोबतीला असायची ती एकटी लेक.

"दोरी निघाली की त्याची नोकरी संपली," तो तिला सांगायचा. "आता त्याला नीट निरोप द्यायचा."

दोरी गुंडाळायचं काम लेकीचं. पण पोरगी डावखुरी, गुंडाळी हमखास उलटी व्हायची. "डावरे, पुन्हा उलटी!" म्हणत तो ती सोडायचा, सुलटी गुंडाळायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचा. ती हसायची. म्हणायची, "बाबा, दोरीला काय कळतंय?"

आणि ह्याच पोरीनं भर चौकात झेंडा जाळला!

झालं असं, की गावातला नवाकोरा पूल भरदुपारी खाली आला. त्यावर तिची जिवलग मैत्रीण होती, आणखी पुष्कळ माणसं होती. चौकशी बसली, ती बसलीच. ठेकेदार मोकळा, साहेब मोकळे. लेकीनं अर्ज केले, दारं ठोठावली. कुणी दाद दिली नाही. शेवटी एके दिवशी लोक चौकात जमले तेव्हा तिनं पिशवीतून झेंडा काढला आणि पेटवला. पोलिसांनी तिथंच धरलं.

दुसऱ्या दिवशी झेंडेकाकाच्या दारात कॅमेरा. "झेंडा सांभाळणाऱ्याच्याच घरात हे कसं?" त्याच्या अंगाची लाहीलाही होत होती. तो एवढंच म्हणाला, "मला लेक नाही." आणि दार लावून घेतलं.

बोलून गेला खरा, पण बोललेलं परत कसं घेणार? कोर्टात त्याची पाठ थोपटली गेली. हेडक्लार्क म्हणाला, "काका, छाती लागते असं बोलायला." ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्यातला एकही माणूस त्यानंतर त्याच्याजवळ चहाला बसला नाही. शेजारीण त्याला पाहून धुतलेले कपडे तसेच ओले घेऊन आत जायची. घरी आल्यावर तो भाजी निवडताना मोठ्यानं काहीतरी बोलायचा आणि समोर कुणी नाही हे लक्षात आलं की गप्प व्हायचा. रेडिओ लावायचा, बंद करायचा. अहो, घर खायला उठतं म्हणतात ना, तसं झालं होतं त्याला. जगाला दाखवलेला तोरा घरात कुणाला दाखवणार?

लेक झेंडा जाळत असताना कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्या गावानं पाहिला होता. त्यानंच तेवढा पाहिला नव्हता.

सुनावणीच्या आदल्या दुपारी त्यानं ठरवलं, हिचे कपडे बांधून माळ्यावर टाकून द्यायचे. डोळ्यांपुढे नकोतच. गाठोडं बांधायला दोरी हवी म्हणून तो दारामागच्या खिळ्याकडे गेला. सगळ्यात वरची गुंडाळी हातात घेतली आणि थबकला.

ती उलटी होती.

त्यानं आजवर एकही उलटी गुंडाळी त्या खिळ्यावर ठेवली नव्हती. ही अलीकडची, उसवलेल्या शिवणीचे धागे अजून दोरीला चिकटलेले. तो तिथंच जमिनीवर बसला. मग फोन काढला आणि पहिल्यांदा तो व्हिडिओ लावला.

भोवती आरडाओरडा, घोषणा. मधे ती, तोंड मिटलेलं. हातातल्या झेंड्याला दोरी नव्हती. काडी लावायच्या आधी तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी उभी राहिली, शेवटची ठिणगी विझेपर्यंत. पोलीस हात धरून ओढत होते तेव्हाही ती चपलांकडेच बघत होती. त्या तिथंच राहिल्या.

"अगं वेडे," तो फोनला म्हणाला, "पाय भाजले असतील ना गं." आणि म्हातारा हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरी खिशात घालूनच तो कोर्टात गेला, झेंडा चढवला आणि खाली येऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. जळून उरलेला तुकडा ह्याच कोर्टाच्या झेंड्याचा आहे, एवढं त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं. लेक समोर, मान खाली.

सरकारी वकील मऊ आवाजात म्हणाले, "आरोपीशी नातं काय, हा प्रश्न मी सोडून देतो. काकांना त्रास नको. हा तुकडा तुमच्या झेंड्याचा?"

"होय. पण जुना. मीच जाळायला घरी नेलेला. तिनं दोरी काढली होती, चपला काढल्या होत्या. मी जसा जाळतो, तसाच जाळला."

न्यायाधीशबाई पुढं झुकल्या. "तुम्ही परसात जाळता. तिनं चौकात जाळला, काहीतरी सांगण्यासाठी. दोन्ही सारखं कसं?"

"सारखं नाही, बाई," तो म्हणाला. "मी आयुष्यभर झेंडे जाळले, मला कुणी धरलं नाही. कारण मला काही म्हणायचंच नव्हतं. तिला म्हणायचं होतं. तोंडानं सांगून पाहिलं तिनं, कुणी ऐकलं नाही."

"ते कुठवर चालवून घ्यायचं, तेच मला ठरवायचं आहे," बाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "तुम्ही जाऊ शकता."

तो हलला नाही.

"एक प्रश्न राहिला."

"कोणता?"

"वकीलसाहेबांनी सोडून दिला तो. विचारा ना."

कोर्टात कुजबुज झाली. बाईंनी चष्मा काढला. "आरोपी तुमची कोण?"

"माझी लेक," तो म्हणाला. "एकुलती एक. कॅमेऱ्यापुढं खोटं बोललो मी."

तेव्हा कुठं तिनं मान वर केली. त्याच्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे पाहिलं. चपला तो दाराबाहेर काढून आला होता.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढची तारीख पडली आणि तिला परत आत नेलं. जिन्याशी हेडक्लार्क हात पुढं करून उभाच होता. झेंडेकाकानं झेंड्याच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. संध्याकाळी झेंडा दुसऱ्याच कुणीतरी उतरवला.

घरी येऊन त्यानं लेकीचे कपडे पुन्हा तिच्या फळीवर लावले. मग खिशातली दोरी काढली. सवयीनं हात ती सोडायला गेला, तसा त्यानं मागे घेतला आणि उलटीच खिळ्याला अडकवून ठेवली.