साळोबासाठी गळणारा नळ

सासरेबुवांनी जन्मभर एकच काम केलं होतं, लोकांचे गळणारे नळ थांबवण्याचं. दोन खोल्यांपलीकडे थेंब पडला तरी भरल्या ताटावरून उठणारा माणूस! धंदा बंद केला तरी सल्ल्यासाठी फोन यायचेच. कुठले पाइप घालू, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तांब्याचे. प्लास्टिक म्हणजे पोरांची खेळणी."

हात थरथरायला लागायच्या आत एकदा स्वतःच्या घरचं काम करायचं, ही त्यांची हौस. म्हणून यंदा त्यांनी घरातली सगळी जुनी लाइन उखडून चकचकीत तांब्याची टाकली. पाहुण्याला पाणी नंतर मिळायचं, आधी पाइप बघावे लागायचे.

त्याच सुमारास मुलाचं लग्न झालं. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, सून एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. तिने माहेराहून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली आणि त्या टाकीत सी अर्चिन नावाचा एक समुद्री प्राणी. लिंबाएवढा जीव, चहूबाजूंनी जांभळे काटे, डोळे नाहीत, तोंड खालच्या अंगाला.

"लोक मांजर पाळतात, हिने काट्यांचा चेंडू पाळलाय," सासरेबुवा बायकोजवळ कुरकुरले आणि साळिंदरावरून त्याचं नाव 'साळोबा' ठेवून मोकळे झाले.

पण एकदा सुनेने त्यांना काचेजवळ बोलावलं. "बाबा, हे बघा. काट्यांच्या मधून बारीक नळ्या बाहेर येतात ना, ते त्याचे पाय. आतून पाण्याचा दाब दिला की पाय लांब होतो, दाब काढला की आखडतो."

सासरेबुवांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे हा आतून सगळी पाइपलाइनच! आपल्याच धंद्यातला निघाला की."

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची टाकीसमोर आली.

टाकीतलं पाणी उडून कमी झालं की सून त्यात दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी घालायची. कामावरून दमून येताना तो जड कॅन घेऊन जिना चढायची. सासरेबुवांना ते बघवेना. शिवाय घरात आपल्या हातच्या नळाला एवढं सोन्यासारखं पाणी असताना दुकानातलं कशाला? सून कामावर गेली की ते रिकामा कॅन नळाखाली धरायचे आणि संध्याकाळी सांगायचे, "दुकानवाला देऊन गेला गं." सून खूश, सासरेबुवा तिच्याहून खूश.

आणि साळोबाचे काटे गळायला लागले.

आधी एखाददुसरा, मग वाळूवर नुसता सडाच. तो काचेवर चढेना, समोर टांगलेलं समुद्री शेवाळ खाईना. सुनेने खारटपणा मोजला, तापमान पाहिलं, पाणी चार वेळा तपासलं. सगळं ठीक. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून टाकीसमोर बसून होती. "मी याला आणायलाच नको होतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"पण होतं कशाने असं?" सासरेबुवांनी विचारलं.

"एक तांबं तेवढं तपासायचं राहिलंय बघा. पाण्यात तांब्याचा नुसता अंश उतरला तरी हे टिकत नाहीत. पण मी तर शुद्ध पाणी घालते. त्यात कुठून येणार तांबं?"

सासरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. ओट्यावरचा पाइप उन्हात झगमगत होता. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण वाळूवरचे काटे त्यांना बघवेनात.

"दुकानवाला येत नव्हता," ते म्हणाले. "कॅन मी भरत होतो. आपल्याच नळावर. तुझा जिना वाचावा म्हणून."

भाजी चिरणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. सुनेने डोळे पुसले. "बाबा, रागवायला आत्ता वेळ नाही. उठा, दुकानातून कॅन आणा."

ते जिना उतरले आणि धापा टाकत चढले. सुनेने त्या पाण्यात मीठ मिसळलं, मोजलं. मग एक वाडगा टाकीत बुडवून साळोबाला पाण्यासकट बादलीत उतरवलं. "आता नवं पाणी एकदम ओतायचं नाही, त्याला धक्का बसेल. थेंब थेंब पडायला हवं, एकसारखं. धार नको आणि खंडही नको."

"गळका नळ हवा म्हण की!"

"अहो, जन्मभर ज्याच्या मागे हात धुऊन लागलात, तोच आला नशिबी," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या काळजीतही सुनेला हसू आवरेना.

सासरेबुवांनी पलंगाखालचा खोका ओढला. कंपन्यांच्या विक्रेत्यांनी नमुने म्हणून गळ्यात मारलेलं प्लास्टिक त्यात पडलं होतं. बारीक नळी निघाली, छोटा कॉक निघाला. नव्या पाण्याचा कॅन स्टुलावर चढवून त्यांनी नळी बादलीत सोडली. टप्... टप्... टप्. सासरेबुवा बादलीला कान लावून बसले. थेंब रेंगाळला की कॉक केसभर सैल, घाई केली की केसभर घट्ट. जेवण तिथेच, चहा तिथेच. असा नेमका नळ त्यांनी कधी बसवला नव्हता.

मग टाकीचं पाणी हळूहळू बदललं. तांबं शोषून घेणारा स्पंज आत टाकला. आणि सासरेबुवांनी गच्चीवरच्या टाकीपासून वेगळी लाइन ओढून शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. लाइन प्लास्टिकची, निळी, थेट तांब्याच्या नाकासमोरून नेलेली. काटे गळायचे थांबले. पण साळोबा हलेना, आणि सासरेबुवांचा जीव टांगणीला तो टांगणीलाच.

एका सकाळी सासूबाईंची हाक आली, "अहो, धावा!"

साळोबा काचेवर पार वरपर्यंत चढला होता. शेवाळाचा फन्ना उडाला होता. उघड्या जागी कोवळे, इवलेसे काटे फुटले होते. आणि डोक्यावर टोपी! लाइन बसवताना सासरेबुवांच्या हातून टाकीत पडलेलं पाइपचं निळं बूच त्याने पायांनी उचलून मिरवायला घेतलं होतं.

"बाबा, आजारी असला की तो काही उचलत नाही," सून टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "बरा झाला! एकदम ठणठणीत! आजपासून त्याच्या पाण्याचं खातं तुमच्याकडे."

"माझ्याकडे?" सासरेबुवांनी काचेला नाक लावलं. "आणि टोपी बघ लेकाची. प्लास्टिकची!"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे जुनं गिऱ्हाईक. "काका, नवं घर बांधतोय. कुठले पाइप घालू?"

सासरेबुवांनी घसा खाकरला, टोपीवाल्याकडे एकदा पाहिलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "तांब्याला तोड नाही. पण आधी सांग, घरात कोणी साळोबा आहे का?"