तांबूची ओकारी

मला लोक भांडखोर म्हणतात. म्हणोत बापडे. माझं पहिलं भांडण एका कुत्र्यासाठी झालं आणि ते मी भावकीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाशी, त्याच्या बंदुकीसमोर उभं राहून केलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

साल चौऱ्याहत्तर. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. माहेर साताऱ्याचं, वडील जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. सासर शिराळ्यापासून दोन कोसांवर, उसाच्या रानात. नवरा जोतीराम पलटणीत, तिकडं जम्मूला. घरात मी, सासूबाई आणि तांबू. तांबूला जोतीरामनंच पिल्लू असताना खिशात घालून आणलं होतं. नवरा लांब असला की घरात त्याच्या वस्तूच उरतात, कपडे, चपला, आरसा. त्यातला जिवंत असा तांबू एकटाच होता. त्याला काही झालं असतं तर जोतीरामला मी काय तोंड दाखवलं असतं?

शेजारचं घर चुलतसासऱ्यांचं, सुभेदार लालासाहेबांचं. पेन्शनीत आलेले, पिळदार मिशांचे, परवान्याची बंदूक बाळगणारे. जोतीरामला भरतीला त्यांनीच नेलेलं. त्यांच्यासमोर आम्ही सुना पदर नाकापर्यंत ओढून उभ्या राहायचो. बोलायचंच झालं तर सासूच्या तोंडून. श्रावण लागला की चावडीवर बसून ते अख्ख्या गावाला सोवळ्याचे धडे द्यायचे. कुणाच्या घरातून सुकटीचा वास आला तरी त्या घराची पिसं काढायचे.

त्या वर्षी शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं एका रेडकाला चावलं होतं आणि पंचमीच्या आठ दिवस आधी ते रेडकू तडफडून मेलं. सगळा भाग धास्तावला. कुत्र्यानं जांभई दिली तरी माणसं काठी शोधायला लागली.

नागपंचमीच्या सकाळी आम्ही बायका पूजेची ताटं घेऊन वारुळाकडं निघायच्या तयारीत होतो. तांबू पहाटेपासून गप्प होता. पाठ कमानीसारखी, शेपूट पायात. मग तो बांधावर गेला आणि हरळी खायला लागला. शेळीसारखा, हावरेपणानं, न चावता. मला काही वाटलं नाही. कुत्र्याचं पोट बिघडलं की ते गवत खातं, ओकतं आणि मोकळं होतं. काही कुत्री तर पोट बरं असतानाही आवडीनं खातात. हे मी वडिलांच्या दवाखान्यात लहानपणापासून बघत आले होते.

पण ते केरबानं बघितलं. केरबा आमच्या भावकीतलाच. गावात काहीही झालं तरी पहिली बोंब त्याची. तांबूच्या तोंडाला पिवळा फेस आला होता. झालं!

"पिसाळलं रं! जोतीचं कुत्रं पिसाळलं! गवात खातंय, फेस गाळतंय!"

दोन मिनिटांत बांधावर पंचवीस माणसं जमली. सुभेदार बंदूक घेऊनच आले. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "भावजी, आज पंचमी हाय. आज भाजी सुदिक चिरत न्हाई आपण."

"पिसाळल्याला पंचमी नसती बनुवैनी," सुभेदार म्हणाले. "व्हा बाजूला."

सासूबाई बाजूला झाल्या. मी झाले नाही.  ताट खाली ठेवलं आणि तांबूच्या पुढं जाऊन उभी राहिले. पदर मागं ढकलला, कारण नाकापर्यंत पदर घेऊन भांडता येत नाही.

"आबा, कुत्रं पिसाळलेलं न्हाई. त्याचं पोट बिघडलंय."

 भावकीतली सून सुभेदारांशी तोंडातोंडी बोलली, असं त्या गावात आधी कधी घडलं नव्हतं.

"तू डाक्टर हाईस व्हय गं?"

"माजं वडील जनावरांच्या दवाखान्यात हाईत. मी असली ढीगभर कुत्री बघितल्यात."

"पाणी आणा रं," सुभेदार म्हणाले. "पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भेतं. आत्ता कळंल."

केरबानं घमेल्यात पाणी आणलं आणि काठीनं पुढं सरकवलं. तांबूनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. लोकांत कुजबुज झाली.  पण माघार घेईन तर मी कसली!

"आवं, ढाळ-वांती झाल्यावर तुमी तरी तांब्याभर पाणी पिता का? आन भेतंय कुटं? वास घिऊन तोंड फिरवलंय नुसतं."

एक-दोन बायका पदरात हसल्या. सुभेदारांचा चेहरा तांबडालाल झाला.

"जोतीरामला पत्र घालतो. म्हनावं, बायकू हाताभायेर गेली."

"घाला. पन पत्रात तुमी त्येचं कुत्रं का मारलं, ते बी लिवा."

त्यांनी बंदूक वर केली. तेवढ्यात माझ्या मागं तांबूच्या पोटातून खळखळ आवाज आला. त्यानं मान लांब केली, अख्खं अंग आवळलं आणि भडाभडा ओकला. हरळीचा एक मोठा गुंताच बाहेर पडला. त्या गुंत्यात काहीतरी कडक अडकलं होतं.

मी खाली बसले. नवं लुगडं, पंचमीचा दिवस, समोर वडीलधारी माणसं, कशाकशाचा विचार केला नाही. काडी घेतली आणि ती ओकारी सगळ्यांदेखत उसकटली. हाडं होती. कोंबडीची. चार-पाच तुकडे, एक चांगलाच टोकदार. हळदीनं पिवळेधमक झालेले, एकाला चिकटलेली अख्खी लवंग.

श्रावणात!

"कुनाची तरी कोंबडी चोरली असंल त्येनं," केरबा म्हणाला.

"चोरली. आन मग हळद-मसाला लावून शिजवली बी त्यानंच व्हय रं, केरबा?"

आता कुणी हसलं नाही. जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. कुणाच्या घरी शिजली? मला ठाऊक नव्हतं, पण तांबू कुठं जातो ते ठाऊक होतं. आमच्या मागच्या कुंपणाला एकच भोक होतं आणि ते सुभेदारांच्या परसात उघडत होतं. मी सुभेदारांकडं बघितलं. बंदुकीची नळी हळूहळू खाली येत होती.

गर्दीत त्यांच्या मंडळी, आक्काताई, पूजेचं ताट धरून उभ्या होत्या. चाळीस वर्षं ज्या बाईचा आवाज गल्लीत ऐकू आला नव्हता, ती बोलली.

"काल ह्येंचं सांगलीचं दोस्त आल्तं. मी म्हनलं, सरावन हाय. ऐकलं न्हाई. सकाळी म्हनलं, हाडकं तरी पुरून टाका. तर म्हनलं, आज पंचमी, आज माती उकरायची न्हाई. मग टाकली उकिरड्यात राखंखाली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, सरावन मोडला, पन पंचमी मातुर पाळली बगा तुमी!"

 वाटलं, आता ही बंदूक आपल्यावरच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला माणूस, आणि चोर तोच निघालेला. सुभेदारांचा हात सवयीनं मिशीकडं गेला. पीळ न देताच तो खाली आला. मग घसा खाकरून, आवाजात होती नव्हती तेवढी जरब आणून म्हणाले, "बरं. तरी बी खात्री नको का? दहा दिस बांधून ठिव. जगलं तर सोड."

ते बरोबरच होतं. माझे वडीलही हेच म्हणाले असते. सासूबाई मागून माझा पदर ओढत होत्या, की मिळालं तेवढं घे आणि घरी चल. पण मला रागाचा असा कढ आला होता की तेवढ्यावर माझं समाधान होईना. त्यांच्या पापाची हाडं माझ्या कुत्र्यानं खाल्ली, गोळी त्यानं झेलायची आणि दहा दिवस डांबूनही त्यालाच ठेवायचं?

"बांधते. पन आमच्या दारात न्हाई. तुमच्या परसात बांधते, जितं त्येनं खाल्लं तितं. दोन येळचा ताकभात तुमच्या घरचा, त्यो बी तुमच्या हातनं. दहा दिसांनी बरं झालं, का तुमीच सोडायचं, आन ह्या समद्यांम्होरं सांगायचं, कुत्रं शानं हुतं म्हनून."

"आन न्हाई म्हनलं तर?"

"तर घाला गोळी. मी हितनं हालत न्हाई."

मी तांबूच्या गळ्यात हात घातला.  

 मग सुभेदारांनी बंदूक केरबाच्या हातात दिली आणि त्याच्याकडून दावं मागून घेतलं. खाली वाकले, तांबूच्या गळ्यात दावं स्वतः बांधलं. बांधताना माझ्याकडं बघितलं नाही. तांबूनं मात्र त्यांचा हात हुंगला आणि चाटला. कुत्र्याला कशाची खुन्नस!

आम्ही त्यांच्या परसाकडं निघालो. पुढं मी, मधे तांबू आणि हातात दावं धरून माझ्यामागं सुभेदार लालासाहेब.