लुगडं पांघरलेलं डालगं

मित्रांनो, मी तुराट्यांचं एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकायला जी उपडी टोपली घालतात, तीच मी. बानाबाई मला रोज सकाळी उचलायची. एके दिवशी मला कुणी उचललंच नाही. ऊन डोक्यावर आलं. आत कवडी कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागली. मग शेजारची जहांआरा बानाबाईचा रिकामा हंडा घेऊन आली आणि तो दारात ठेवून तिनं सांगितलं. टँकरच्या रांगेत बानाबाई कोसळली होती. ती गेली होती. पहाटे तर ती कवडीला सांगून निघाली होती, "पाणी घेऊन आले की सोडते गं."

मला देवगाव रंगारीला तिनंच विणलं. तिचा नवरा केरबा मेंढ्या राखायचा. दुष्काळात चारा संपला, मेंढ्या विकल्या गेल्या आणि दोघं शहरात पुंडलिकनगरच्या मागं एका बांधकामावर राखणीला आली. टेम्पोत भांड्यांच्या वर मी होतं. भोवती इमारती वाढल्या, माझ्या काड्या मोडत गेल्या. बानाबाई दर वेळी सुतळी ओवून मला सावरायची. लोक म्हणायचे, "काय नेटकं डालगं हाय!"

ती गेल्यावर कवडी दाणा टिपेना. रस्त्याकडं बघत उभी राहायची.

"आता तू बी जाती का काय?" केरबा म्हणाला. बानाबाईनं वाढवलेला तेवढाच जीव घरात उरला होता. म्हणून तिला सोबतीला त्यानं वैजापूरच्या बाजारातून एक तांबडी कोंबडी आणली आणि सरळ तिच्यापुढं सोडली. कवडीनं झेप घेऊन तिचं डोकं फोडलं. मग घाईनं केरबानं तांबडीला माझ्याखाली झाकलं.

केरबा जन्माचा मेंढका. परकं कोकरू मेंढीला लावायचं, तर तिच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याच्या अंगावर घालतात. वासाला भुलून मेंढी पाजते. केरबानं तेच केलं. बानाबाईचे बाकी कपडे वाटून झाले होते. राखून ठेवलेलं एक हिरवं लुगडं त्यानं माझ्यावर पांघरलं.

आणि कवडी आली! लुगड्याला टेकून बसली. समोर टाकलेले दाणेही तिनं टिपले.

जहांआरा कुंपणापाशी आली. "केरबाभाऊ, मुर्गीला बी मेंढी समजले का तुम्ही?"

"बसली की, भाभी! वास वळखला तिनं."

"वास नाय, रंग वळखला. बानाबाईच हाय म्हणून बसली ती. आत दुसरी हाय, हे तिला ठावंच नाय. कपडा काढा. जाळीतून चार रोज एकमेकीला बघू द्या, दोघींना दाणे टाका. मग डालगं उचला."

केरबानं कवडीकडं पाहिलं. "म्हंजी ही अजून तिचीच वाट बघती?"

जहांआरानं लुगड्याकडं बोट दाखवलं.

केरबानं लुगड्याचा काठ धरला. हात तसाच राहिला, मग सुटला. "उद्या काढतो," तो म्हणाला.

मित्रांनो, कुणाला सोबत द्यायची असेल, तर आधी दोघांना एकमेकांची तोंडं दिसू द्या. माझ्या विणीत फटी आहेत त्या त्यासाठीच. बाहेर कवडी टेकून बसली आहे. आत तांबडी अंधारात धापा टाकते आहे. केरबाचा उद्या येऊन गेला. लुगडं अजून माझ्यावरच आहे.