ताज्या तारखेचा चमत्कार

सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक बाई हनुवटी वर करून उभी होती आणि पहिली रांग ती हनुवटी हिरा पारखावा तशी न्याहाळत होती. एकही केस नाही!

"दहाव्या दिवशी आपोआप गळले!" ती म्हणाली. टाळ्या.

किरणबाबांनी काचेची कांडी उंचावली. "केस म्हणजे मनातली जळमटं. मी फक्त झाडू मारतो." स्वतःची जळमटं मात्र त्यांनी पोटापर्यंत वाढवली होती.

शेजारी माझी भाची बसली होती, तोंडाला रुमाल बांधून. चार महिन्यांपूर्वी तिचेही केस असेच गळले आणि महिन्याभरात उगवले. "मनात पाप आहे," बाबांनी निदान केलं. तेव्हापासून पोस्टाची खिडकी सोडून ती मागच्या खोलीत, गोण्यांच्या आड बसू लागली. पाप कोणतं, ते शोधत.

शेवटी मीच तिला तिच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे परत नेलं.

"बाबांच्या कांडीच्या किती दिवस आधी माझ्याकडे लेझर घेतलं होतंस?"

"पाच."

"मग केस माझ्या मशीननं गेले. लेझरनंतर केस गळायला आठ-पंधरा दिवस लागतातच. आणि उगवले ते दुसरेच. केसांची काही मुळं वाढत असतात, काही झोपलेली. लेझर नीट लागतं ते वाढणाऱ्यांनाच. झोपलेली उठली की पुन्हा गाठायचं. म्हणून तर सहा-आठ खेपा सांगितल्या होत्या. तू एकीतच पळालीस!"

भाचीनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मामा, बाबांच्या दारात वहीत शेवटच्या लेझरची तारीख लिहून घेतात. ताजी असली तरच कांडी. नाहीतर म्हणे, योग नाही."

दुसऱ्याच दिवशी तिनं वहीत खोटी तारीख लिहिली. कांडी लगेच फिरली. त्याला आज पंधरा दिवस झाले होते.

साक्षीसाठी तिला पुकारलं. ती व्यासपीठावर चढली आणि तिनं रुमाल सोडला. हनुवटीवर केस होते तसेच.

"अरेरे! पोरी, पाप अजून आहेच!"

"आहे ना, बाबा. चार दिवसांपूर्वी लेझर घेतलं असं लिहिलं, घेऊन झाले होते चार महिने. तुमच्या कांडीला पहिल्यांदाच एकटीनं काम करावं लागलं."

कुणीतरी फस्सकन हसलं. मागून एक बाई उठली, "अगं बाई, मी पण लेझर घेऊनच आले होते!" मग दुसरी. मग अख्खी रांग.

"श्रद्धा ठेवा!" बाबा ओरडले.

"आधी तारखा बघा," भाची म्हणाली. "बायांनो, झोपलेलं मूळ जागं झालं की केस येतो. त्यात कुणाचं पाप नाही. आपल्या शरीराबद्दल काही कळेनासं झालं, तर माहीत असलेल्याला विचारा. लाज वाटायला लावणाऱ्याला नको."

रुमाल व्यासपीठावरच ठेवून ती पायऱ्या उतरली.

"आता डॉक्टरीणबाईंकडे?" मी विचारलं.

"जाईन सवडीनं. उद्या आधी खिडकीवर बसते. ज्याला बघायचंय, त्यानं रांगेत यावं."