गाऱ्हाण्यातलं नाव

“...पाच वर्सांमागं या महिपताला तू नवी किडनी दिलीस, म्हाराजा, ती अशीच सांभाळ!” ओटीवर नारळावर हात ठेवून विठू गुरव गाऱ्हाणं घालत होता.

“व्हय म्हाराजा!” जमलेल्या बाप्यांनी एका सुरात होकार भरला.

“देवान नाय दिली,” माजघराच्या उंबऱ्यावरून महिपतची बायको सोनूबाई म्हणाली. “मी दिली.”

गाऱ्हाणं मध्येच तुटलं. बाप्यांनी बोलायचं आणि बाईमाणसानं आतून ऐकायचं, ही सावर्ड्याजवळच्या त्या वाडीची रीत होती.

महिपतने तोंडावरचा मास्क उगाच नीट केला. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला तपासणीस जाई; येत्या सोमवारीही जायचं होतं. त्याचं पथ्य, उकळलेलं पाणी, गोळीची वेळ, काहीच सोनूबाईच्या हातून चुकत नसे. वर्षातून एकदा तिनेही यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कधी लावणी आली, कधी म्हैस व्याली. पाच वर्षांत ती एकदाही गेली नाही. गेल्या आठवड्यात सुजलेल्या पावलांनी ती एकटीच आरोग्य केंद्रात गेली, तेव्हा रक्ताचा कागद पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “इतके दिवस कुठे होता?”

“वयनी, देवासमोर ह्या काय?” धाकटा दीर हरिश्चंद्र हसत म्हणाला. “तू तर धडधाकट. सोमवारी दादाबरोबर तूपण गेलीस तर गुरां कोन बघल?”

“तुमी बघा, भावजी. तुमच्या दोन्ही शाबूत हायत ना?”

कुणीतरी खुदकन हसलं.

“मुंबयला किडनीच्या वॉर्डात मी पायलंय. घेनारे सगले बाप्ये, देनाऱ्या सगल्या बायका. देनारीचा मागनं काय झाला, कोन इचारतो? विठूदादा, माजा नाव घे. म्हन, सोनूबायची एकच ऱ्हायलीय, ती सोमवारी मुंबयला दाखवाया जातेय.”

विठू घुटमळला. तेवढ्यात मोबाईलचा गजर वाजला. सकाळची नऊची गोळी. सगळ्यांच्या नजरा सवयीने सोनूबाईकडे वळल्या. ती जागची हलली नाही. गजर वाजतच राहिला, तेव्हा महिपत मुकाट्याने उठून आत गेला.

“म्हन ना, दादा.”

विठूने पुन्हा नारळावर हात ठेवला. “या सोनूबायची एकच ऱ्हायलीय, म्हाराजा, ती सांभाळ...”

आत महिपत फळीवरचे डबे एकामागून एक उघडत होता. गोळी कुठे ठेवलेली असते, हे पाच वर्षांत त्याला ठाऊक झालं नव्हतं.

“व्हय म्हाराजा!” सोनूबाई एकटीच म्हणाली, सगळ्या ओटीला पुरेल इतक्या मोठ्याने.